चौसष्टांत एक असमाधानी

नवचैतन्य सहकारी दूध संघ, शीतकरण केंद्र,
युसूफ वडगाव रोड, ता. केज
३ फेब्रुवारी १९८७

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण गेले पंधरा दिवस मी समाधान गोळा करत होतो. दूध गोळा करायचं काम तसंही फारसं उरलेलं नाही. मागच्या साली रोज चौदा हजार लिटर यायचं, आता तीन हजारांवर आलंय. दुष्काळामुळे निम्मी जनावरं चारा छावणीत गेली आणि निम्मी नुसती उभी आहेत.

आमचे चेअरमन अर्जुनराव जपानला जाऊन आले, हे तुला कळलं असेलच. बारा दिवसांचा अभ्यासदौरा होता. बाकीच्या संस्थांच्या चेअरमननी येताना घड्याळं आणि रेडिओ आणले. आमच्यांनी विचार आणला. तिकडे म्हणे कामगार आधी आनंदी होतो आणि मग काम करतो. आपल्याकडे काम नाहीच, तेव्हा निदान पहिला भाग तरी उरकून घ्यावा, असं ठरलं.

आता रोज सकाळी आठला कवायत. कवायत झाली की समोरासमोर उभं राहून एकमेकांना कमरेतून वाकून नमस्कार. बॉयलरवरचे हैदरभाई पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "उत्तरेश्वरराव, मी वाकतो, पन वर तुमीच उचला. माझी कंबर जपानची न्हाई." गेटजवळ एक काळा फळा लावलाय. त्यावर दर सोमवारी 'या आठवड्याचा सद्गुण' लिहायचा. कृतज्ञता झाली, हसतमुखता झाली, सध्या वक्तशीरपणा चालू आहे. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे.

आणि आता 'समाधान पत्रक'. पंधरा प्रश्न. वर ठळक सूचना: नाव लिहू नये, मनमोकळेपणाने लिहावे. आम्ही एकंदर चौसष्ट माणसं. त्यातल्या एकोणीस जणांना लिहिता येत नाही. त्यांना मी प्रश्न वाचून दाखवले आणि ते सांगतील ते लिहून घेतलं.

गेटवरचे तात्याबा म्हणाले, "समाधान म्हंजे? बसायला स्टूल हाय, पाठीला भित हाय. अजून काय लागतं मानसाला?" मी लिहिलं, 'पूर्ण समाधानी'.

मग भिवराबाई आल्या. दुधाचे डबे धुतात. नऊ वर्षं रोजंदारीवर आहेत. उकिडवं बसून बसून दोन्ही गुडघे गेलेत. ह्या मार्चअखेर रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी निघणार आहे, त्यात त्यांचं नाव पहिलं. मला म्हणाल्या, "खरं सांगू का बरं सांगू?" मी म्हटलं, "खरं सांगा, नाव लिहायचंच नाही." तर म्हणाल्या, "मंग लिवा. सांच्याला गेटवर भरली घागर मातीत उपडी करत्यात. बघवत न्हाई. समाधान न्हाई."

प्रकार असा आहे. डबे धुतल्यावर शेवटच्या विसळण्याचं पाणी उरतं. ते बाया घागरीत घरी न्यायच्या, शेळ्यांना पाजायला. पण नियम अकरा म्हणतो की संघाची कोणतीही मालमत्ता गेटबाहेर जाणार नाही. म्हणून रोज पाच वाजता गेटवर घागरी रिकाम्या करून घेतात. संघाचा टँकरही त्याच गेटमधून अर्जुनरावांच्या मोसंबीला जातो, पण तो उपडा करता येत नाही म्हणून तसाच जातो.

बाकी अठरा जणांचं बोलणं मी थोडं साफसूफ करून लिहिलं. हिचं जसंच्या तसं लिहिलं. कावून, ते मलाही सांगता येणार नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा उत्तरेश्वर

—

गेवराई
१२ फेब्रुवारी १९८७

चि. उत्तरेश्वर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसायला आणि एकदा काळजी करायला. तुझे दाजी म्हणाले, जपानपर्यंत गेलाच होता तर पाणी कसं साठवतात तेवढं बघून यायचं. मी म्हटलं, पाणी साठवलं की लोकांना द्यावं लागतं. समाधानाचं तसं नाही, ते साठवून फळ्यावर लिहिता येतं.

आमच्या शाळेतही यंदा 'हसरी शाळा' आहे. पटावर चाळीस मुलं. त्यातली बावीस आईबापांबरोबर खडीच्या कामावर. उरलेली अठरा मी साहेब येतील त्या दिवशी हसवायची. तेव्हा मला ह्या धंद्यातलं थोडंफार कळतं, आणि म्हणून एक विचारते.

नाव लिहायचं नाही, हे ठीक. पण एकोणीस पत्रकं एकाच हातची आहेत. आणि तो हात कुणाचा, हे तुमच्या संघातला प्रत्येकजण रोज सकाळी वाकताना फळ्यावर बघतो. मग लपलं काय, बाबा? बाईचं नाव तेवढं लपलं, ते सांगू शकणारा तू मात्र उघडा पडलास. तुझ्यापर्यंत यायला त्यांना दोन पावलंसुद्धा लागायची नाहीत.

तू तिचं बोलणं तसंच लिहिलंस ते चांगलं केलंस. मला बरं वाटलं. पण चांगलं करणारा माणूस पुढच्या महिन्यात काय करतो, ते बघायचं असतं.

पत्र पाठव.

तुझी आक्का

—

युसूफ वडगाव रोड
२१ फेब्रुवारी १९८७

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू जे लिहिलंस ते नऊ दिवसांत झालं.

आधी दुसरी बातमी. तात्याबा गेले. नऊ तारखेला दुपारी, गेटवरच, स्टुलावर भिंतीला टेकून. लोकांना वाटलं डोळा लागला. टँकर येऊन दोनदा हॉर्न वाजवून गेला, तेव्हा कळलं. त्यांना मूलबाळ नाही, बायको केसरबाई एकटी. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे वारसाला कामावर घेतात. अर्जुनरावांनी मातीलाच जाहीर केलं की केसरबाईला साफसफाईला लावून घेऊ. बाई तशातही त्यांच्या पाया पडली.

आता माझं. सोमवारी चेअरमननी बोलावलं. टेबलावर एकच कागद.

"उत्तरेश्वरराव, चौसष्टात त्रेसष्ट समाधानी. एक न्हाई. हे अक्षर तुमचं."

मी म्हटलं, "अक्षर माझं, साहेब. म्हणणं दुसऱ्याचं."

"कुनाचं?"

"नाव लिहायचं नव्हतं ना."

"लिहायचं नव्हतं. सांगायचं न्हाई असं कुठं म्हनलंय?"

मी म्हटलं, फाडून टाका. तर आकडा आधीच मुंबईला महासंघाकडे गेलेला. महासंघ यंदा 'आनंदी संस्था' म्हणून फिरती ढाल देणार आहे. त्यांची समिती वीस मार्चला येतेय. समिती पहिला प्रश्न हाच विचारणार, की त्या एका माणसाचं तुम्ही काय केलं. अर्जुनराव म्हणाले, "मला शिक्षा करायची न्हाई हो. मला त्याला आनंदी करायचंय. आनंदी झाला तर बरं. न्हाई झाला तर त्यानं दुसरीकडं जाऊन दुःखी व्हावं."

भिवराबाईचं नाव सांगितलं तर यादीतून ते जाईल, आणि कामही जाईल. ह्या सालात दुसरीकडे म्हणजे खडी फोडायची. त्या गुडघ्यांनी ती अर्धा दिवससुद्धा बसू शकत नाही. घरात मिळवणारं दुसरं कुणी नाही. नवरा आहे, तो चार वर्षांपासून बाजेवर.

नाही सांगितलं तर माझी नोकरी. क्वार्टरही तिच्याबरोबर. दोन्ही पोरी इथल्याच शाळेत आहेत.

दोन मार्चपर्यंत मुदत दिलीय. काय करू?

उत्तरेश्वर

—

गेवराई
२५ फेब्रुवारी १९८७

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

एवढं काय घाबरून लिहितोस! सांग की तात्याबाचं नाव! मेलेल्या माणसाला चेअरमन काय मेमो देणार? आणि दिला तर पोचवायला कोण जाणार, ते विचारून घे. समितीलाही सोपं. एक असमाधानी होता, तो ढाल यायच्या आत स्वतःहून बाजूला झाला. ह्यापेक्षा संस्थानिष्ठा ती काय!

हसलास का? हसलास तर आता नीट ऐक. गप्प बस. आठवत नाही म्हण. एकोणीस माणसांचं लिहिलं, कोण काय म्हणालं लक्षात राहिलं नाही म्हण. रागावतील, दोन महिने तुझं तोंड बघणार नाहीत. पण तू कायम नोकर आहेस, तुला काढायला कागद लागतात. त्या बाईला काढायला काहीच लागत नाही. म्हणून झळ लागायचीच तर तुला लागू दे.

तुझे दाजी म्हणतात, राजीनाम्याची भाषा करू नको, कुणी करायला सांगितली तरी करू नको.

आक्का

—

युसूफ वडगाव रोड
५ मार्च १९८७

ती. आक्कास,
शि. सा. न.

घाईत चार ओळी. ते प्रकरण मिटलं. चेअरमन समाधानी आहेत. भिवराबाई डबे धुतायत, यादीत नाव तसंच आहे. समितीसाठी मंडप घालायचं चाललंय, आणि गेटपासून ऑफिसपर्यंत कुंड्या ठेवल्यात. त्यांना पाणी घालायला एक माणूस नेमलाय.

ऊन फार झालंय. तू तब्येतीला जप. दाजींचा खोकला कसा आहे?

उत्तरेश्वर

—

गेवराई
१७ मार्च १९८७

उत्तरेश्वर,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहीत नाही.

रविवारी मी नणंदेकडे चौसाळ्याला गेले होते. येताना स्टँडसमोर चाँदबीच्या गाड्यावर खरबूज घ्यायला थांबले. गाड्यामागे पोत्यावर तुमचे हैदरभाई बसलेले. चाँदबी त्यांची बहीण, हे मला तिथंच कळलं. मी तुझी बहीण, हेही त्यांना तिथंच कळलं. ते कळल्यावर ते खरबुजंच निवडायला लागले. मग चाँदबीच म्हणाली, "भाईजान, बोला की. मगापासून मला सांगत होते ते बोला."

तेव्हा सगळं कळलं. तू तात्याबाचं नाव सांगितलंस. चेअरमननी दुसऱ्या दिवशी केसरबाईला बोलावलं आणि सांगितलं, की तुझ्या नवऱ्यानं ज्या संस्थेचं खाल्लं तिचीच बदनामी केली, अशाच्या वारसाला संघात जागा नाही. ती म्हणे ऑफिसच्या पायरीवर बसून एकच बोलत होती, "माझा मालक असं बोलायचा न्हाई. त्याला बोलायलाच कटाळा यायचा." हैदरभाई म्हणाले, "ताई, म्या स्वतः मधी पडलो. सांगितलं, तात्याबा रोज माझ्याकडं च्या प्यायचा, त्याला कशाचीच तक्रार न्हवती. चेअरमन म्हनले, उत्तरेश्वररावांचं अक्षर हाय, ते खोटं लिवत न्हाईत."

आणि मला तू लिहितोस, 'प्रकरण मिटलं', आणि दाजींचा खोकला कसा आहे! खोकला बरा आहे.

अरे, मी विनोद केला होता! माझं पत्र तू पुरतं वाचलंस ना? वरच्या चार ओळी विनोदाच्या आणि खालच्या दहा मनापासूनच्या. तू वरच्याच उचलल्यास. मला माहीत आहे कावून उचलल्यास. त्यात तुला काहीच लागत नव्हतं.

पण त्या ओळी मी लिहिल्या, हेही खरं. मेलेल्या माणसाचं कुणी काय वाकडं करतंय, असं मला वाटलं. त्याच्या मागं कोण बसलंय ते पुढचं मला सुचलंच नाही. मास्तरीण म्हणून पंचवीस वर्षं पोरांना 'पुढे काय होईल ते सांगा' म्हणून विचारत आले, आणि माझ्यावर आली तेव्हा मला एक दिवस पुढचं सांगता आलं नाही.

जा आणि खरं सांग. बाईचं नाव न घेता सांग. 'तात्याबा नव्हते, मी खोटं बोललो', एवढंच. समिती यायच्या आत.

आक्का

—

युसूफ वडगाव रोड
२४ मार्च १९८७

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एकोणीसला पोचलं. वीसला समिती. त्या एका दिवसात मी तीनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. तिन्ही वेळा आत माणसं होती. चौथ्यांदा कुणी नव्हतं, तर मी कुंड्या मोजून परत आलो.

तुला सगळं सांगतो. दोन मार्चला मी 'तात्याबा' म्हणालो तेव्हा चेअरमन खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "वाटलंच होतं." त्यांना काहीच वाटलेलं नव्हतं, आक्का. पण ते तसं म्हणाले आणि मला हलकं वाटलं. चौसष्ट माणसांत खरोखर समाधानी असा मला एकच भेटला होता. त्यालाच मी असमाधानी ठरवलं, आणि बाहेर येऊन चहा प्यालो.

आता वीस तारीख. मंडपात आम्ही सगळे रांगेत. मुंबईचे तीन साहेब आले, आम्ही वाकलो, तेही वाकले. भाषणं झाली. मग त्यांच्यातल्या चष्मेवाल्या साहेबांनी विचारलंच, "तुमच्या अहवालात एक कर्मचारी असमाधानी आहे. त्याबाबत काय केलं?"

अर्जुनराव गंभीर झाले. म्हणाले, "दुर्दैवानं ते कर्मचारी वारले."

"अरेरे. म्हणजे सध्या समाधान शंभर टक्के?"

"शंभर टक्के."

टाळ्या वाजल्या. तेवढ्यात बायांच्या बाजूनं भिवराबाई उठल्या. उठायला त्यांना वेळ लागतो. शेजारणीच्या खांद्याला धरून उठल्या, त्यामुळे बोलायच्या आधीच सगळे तिकडे बघायला लागले.

"त्यो कागद माजा हाय," त्या म्हणाल्या. "तात्याबाचा न्हाई. मेलेल्या मानसावर कावून घालता? सुखाचा मानूस होता त्यो. त्याच्या बायकुला कामाला घ्या."

अर्जुनराव हसतमुखच होते, तसे ते हल्ली सदाच असतात. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "उत्तरेश्वरराव?"

मी तोंड उघडलं होतं, एवढं तुला शपथेवर सांगतो. पण भिवराबाई आधी बोलल्या. "त्यांच्याकडं कावून बघता? मीच त्यांच्या हातापाया पडले. म्हनलं, माजं नाव घेऊ नका, तात्याबाचं सांगा. बाईमानूस रडाय लागलं, ते तरी काय करतेल?"

आक्का, ती माझ्याशी ह्याबद्दल कधी एक शब्द बोललेली नाही. तात्याबाचं नाव मी सांगितलं हे तिला बाकीच्यांसारखंच मागाहून कळलं. ती साफ खोटं बोलत होती, तीन मुंबईच्या साहेबांसमोर, माझ्यासाठी. चेअरमननी विचारलं, "असंच झालं का?" आणि मी मान हलवली.

साहेब लोक खूश झाले. चष्मेवाले म्हणाले, एवढा मोकळेपणा त्यांनी कुठल्याच संस्थेत पाहिला नव्हता. ढाल मिळाली.

दुसऱ्या दिवशी हजेरीत भिवराबाईचं नाव पुकारलं नाही. रोजंदारीच्या माणसाला काढावं लागत नाही, नुसतं पुकारायचं नसतं. त्या बारा वाजेपर्यंत गेटबाहेर उभ्या होत्या. कायमच्या यादीवर त्यांच्या जागी दुसरं नाव आलं. काल केसरबाईला घेतलं. साफसफाईला नाही, डबे धुवायला, कारण ती जागा रिकामी होती. अर्जुनरावांनी सभेत सांगितलं, की संस्था कुणावर अन्याय होऊ देत नाही.

आणि मला ह्या सालचा 'सद्गुणी कर्मचारी' म्हणून प्रमाणपत्र दिलं. फ्रेमसकट. नाव मलाच घालून घ्यायला सांगितलं, कारण अक्षर चांगलं.

तू मोठी आहेस. काहीतरी लिही. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानंही हेच केलं असतं, एवढं तरी लिही.

उत्तरेश्वर

—

गेवराई
६ एप्रिल १९८७

चि. उत्तरेश्वर,

तू मागितलेलं वाक्य मी लिहायला बसले होते. तुझ्यासाठी लिहिलं असतंही. पण तेच वाक्य मग मला स्वतःसाठीही घ्यावं लागेल, आणि ते मला नको आहे. म्हणून काल एस.टी.नं केजला उतरून भिवराबाईच्या गावी गेले. तुला कळवलं नाही, कारण तू आला असतास.

बाईंनी ओळखलं नाही. मी तुझं नाव सांगितलं तर पदरानं बाज झटकून म्हणाल्या, "बसा. पानी थोडं हाय, पन हाय." नवरा आत खोकत होता. मी दोन्ही हात जोडले आणि तात्याबाचं नाव माझ्या डोक्यातून निघालं होतं, हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "शिकलेल्या बाईच्या डोक्यातून असं निघतं व्हय?"

मी विचारलं, माझ्या भावासाठी तुम्ही खोटं का बोललात?

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "नऊ सालात माझं बोलनं कुनी लिवून घेतलं न्हवतं. त्यांनी घेतलं. एक अक्षर इकडचं तिकडं केलं न्हाई. म्हनून एकदा सांभाळून घेतलं. आता फिटलं. पुन्हा न्हाई."

रडल्या वगैरे नाहीत. रडले ती मी. त्यांनी ते शांतपणे होऊ दिलं आणि मग कामाचं बोलल्या. बीडला सरकारी कामगार अधिकारी असतात, हे त्यांना हैदरभाईंनी सांगितलंय. नऊ वर्षं काम केलेल्या माणसाला असं काढता येत नाही, असं अर्जात लिहायचं आहे. त्यांनी मला कागद आणायला लावला आणि बोलत गेल्या, मी लिहीत गेले. साफसूफ केलं नाही. मधेच थांबवून म्हणाल्या, "केसरबाईची जागा माझी हाय असं लिवू नका. तिचं तिला ऱ्हाऊ द्या. मला माझं पायजे." तेही लिहिलं.

अर्ज सोबत आहे. खाली तिचा अंगठा आहे. त्याखाली साक्षीदाराची जागा कोरी आहे. समाधान पत्रकावरचं म्हणणं तिचं होतं, ते तू लिहिलंस, तात्याबाचं नाव तू तुझ्या मनानं सांगितलंस, तिनं तुझी विनवणी कधी केली नाही, आणि त्या पत्रकावरून तिला काढलं. हे लिहून सही करणारा माणूस संघात एकच आहे. तिथं आलेले हैदरभाई म्हणाले, "म्या करतो." पण त्यांनी ऐकलेलं आहे, केलेलं नाही.

तू सही केलीस तर तुझं काय होईल ते मला माहीत आहे. ह्या वेळी पुढचं बघून लिहितेय. पोरींना जूनपासून माझ्या शाळेत घालता येईल. दाजींनी मागची खोली झाडायला काढलीय. पण ह्यातलं काही तुला ओढायला म्हणून लिहीत नाही. बाईंनी बजावलंय, "जबरदस्ती करू नका. नसंल करायची तर कागद तसाच माघारी द्या, मी दुसरा बघते."

तेव्हा कर किंवा कोरा परत पाठव. अधलंमधलं पत्र नको.

आक्का

—

बीड, एस.टी. स्टँड
१३ एप्रिल १९८७

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज नऊ तारखेला हातात आला. चार दिवस गादीखाली ठेवला. त्या चार दिवसांत मी मनात चार उत्तरं तयार केली, सगळी अधलीमधली. एक फार छान होतं. ते तुला आवडलं असतं, म्हणूनच पाठवलं नाही.

काल घरात सांगितलं. हिनं कपाट उघडून पोरींचे शाळेचे दाखले कुठे आहेत ते बघून घेतलं आणि भाकरी टाकायला बसली.

आज सकाळी कवायतीला गेलो नाही. थेट पहिल्या गाडीनं बीडला आलो. पोस्टात टाकायला गेलो असतो तर पेटीपर्यंत पोचेस्तोवर माझं मन बदललं असतं. स्टँडवर हैदरभाई दिसले. मी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "मला पार्ट न्यायचाय बॉयलरचा." बॉयलर महिनाभर बंद आहे.

कामगार अधिकाऱ्यांच्या ऑफिसात एकच कारकून होता, माझ्याच वयाचा. अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मधे एकदा थांबून माझ्याकडे बघितलं, परत वाचला. म्हणाला, "साक्षीदाराचा मजकूर इथं माझ्यासमोर लिहा." मी लिहिला. तू सांगितलेलं सगळं लिहिलं, वर मंडपात मान हलवली तेही लिहिलं. माझं अक्षर आज फार वाईट आलंय. एक दोन ठिकाणी मलाच लागलं नाही.

त्यानं शिक्का मारला, आवक नंबर घातला, आणि एक रकाना राहिला म्हणून पेन हातात धरून मला विचारलं. साक्षीदाराचा व्यवसाय.

मी विचारलं, "आजचा ना?"

तो म्हणाला, "आजचाच."

"मग लिहा, कारकून, नवचैतन्य सहकारी दूध संघ."

तुझा उत्तरेश्वर